हार्टलीफ फिलोडेंड्रॉन: ओळख, निगा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात हृदयाच्या आकाराच्या पानांची लोंबती वेल दिसली की आपण तिला सरसकट मनी प्लांट म्हणतो. बऱ्याचदा ते बरोबरच असतं. पण त्यातल्या काही वेली हार्टलीफ फिलोडेंड्रॉनच्या असतात, आणि हा लेख त्यांच्याबद्दल आहे. सुरुवातीलाच एक सांगते. या वेलीचं काहीही समजून घ्यायचं असेल तर पानाआधी पेर बघा. देठ खोडाला जिथे जुळतो ती गाठ म्हणजे पेर. ओळख तिथे पटते, मुळं तिथून फुटतात, नवा फुटवा तिथून येतो आणि कात्रीही तिथेच चालवायची असते.

ही वेल नेमकी कोणती?

तिचं शास्त्रीय नाव फिलोडेंड्रॉन हेडरेसियम. अळू, सुरण, मनी प्लांट, मॉन्स्टेरा हे सगळे तिचे कुळबंधू. मूळची ती मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या दमट जंगलांतली. तिथे ती जमिनीवरून सरपटत झाडापर्यंत पोचते आणि खोडाला धरून वर चढते. आपण तिला टांगत्या कुंडीतून खाली सोडतो, पण स्वभावाने ती चढणारी वेल आहे.

आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये ती बहुधा ‘ऑक्सीकार्डियम’ नावाने मिळते. जुन्या पुस्तकांत ‘स्कँडेन्स’ असं नाव सापडेल. ही दोन्ही याच वेलीची जुनी नावं. ‘कॉर्डेटम’ अशी चिठ्ठीही कधी लावलेली असते, पण खरं कॉर्डेटम ही ब्राझीलमधली वेगळी जात आहे आणि त्या चिठ्ठीखाली जवळजवळ नेहमी आपली हार्टलीफच असते.

मनी प्लांट आणि फिलोडेंड्रॉन यांतला फरक कसा ओळखायचा?

वेलीचा शेंडा हातात घ्या आणि उजेडात धरा.

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे नवं पान कसं येतं ते. फिलोडेंड्रॉनचं नवं पान एका पातळ, टोकदार आवरणात गुंडाळलेलं असतं. पान बाहेर पडलं की ते आवरण पेराला काही दिवस चिकटून राहतं, कागदासारखं वाळतं आणि गळून पडतं. वेलीवर वाळकी, तपकिरी सोलपटं दिसली तर ती रोगाची नाहीत, तीच ओळखीची खूण आहे. मनी प्लांटमध्ये असं सुटं आवरण नसतं. तिथे नवं पान आधीच्या पानाच्या देठालगत सुरळीसारखं गुंडाळलेलं येतं आणि उलगडतं.

दुसरी खूण देठाची. देठावरून बोट फिरवा. मनी प्लांटच्या देठाला वरच्या बाजूने खोबण लागते, फिलोडेंड्रॉनचा देठ गोलसर आणि गुळगुळीत असतो.

तिसरी खूण मुळांची. मनी प्लांटच्या पेरावर एकच जाड, आखूड, तपकिरी मूळ असतं. फिलोडेंड्रॉनच्या पेरावर बारीक मुळांचा झुबका असतो.

पान स्वतः शेवटी बघा, कारण तेच सगळ्यात जास्त फसवतं. फिलोडेंड्रॉनचं पान पातळ आणि मऊ असतं, देठाजवळची खाच खोल असते, टोक लांब निमुळतं असतं. मनी प्लांटचं पान जाडसर, मेणचट, किंचित उंचसखल. फिलोडेंड्रॉनची कोवळी पानं पुष्कळदा तांबूस झाक घेऊन येतात आणि मग हिरवी होतात. पण कमी उजेडात वाढलेल्या मनी प्लांटची पानंही लहान, पातळ आणि पूर्ण हिरवी होतात, त्यामुळे केवळ पानावरून निकाल देऊ नका.

पानांवर पोपटी पट्टा आहे, ती कोणती जात?

गडद हिरव्या पानावर मधोमध पोपटी पट्टा असेल तर ती ‘ब्राझील’. पूर्ण पोपटी असेल तर ‘लेमन लाइम’. पान मखमली, वरून ब्राँझसारखं चमकणारं आणि मागून तांबूस असेल तर ‘मिकान्स’. या सगळ्या याच एका जातीच्या. चंदेरी ठिपक्यांची, जाड पानांची वेल मात्र बहुतेक वेळा सिंडाप्सस असते. ती फिलोडेंड्रॉन नाही, जरी विकताना तसं सांगितलं जात असलं तरी.

‘ब्राझील’च्या एखाद्या फांदीला सलग हिरवीच पानं यायला लागली तर ती फांदी शेवटच्या पट्टेदार पानापर्यंत मागे छाटा. हिरवी फांदी जोमाने वाढते आणि थोड्या महिन्यांत कुंडीभर तीच होते.

गुळवेल किंवा विड्याच्या पानाशी गल्लत होऊ शकते का?

होऊ शकते, आणि हा प्रश्न हलक्यात घेऊ नका. तिन्ही वेली, तिन्हींची पानं हृदयाकृती. गुळवेलीचा काढा आणि विडा दोन्ही पोटात जातात. फिलोडेंड्रॉन पोटात जाता कामा नये.

गुळवेलीचं जुनं खोड खरखरीत असतं, त्यावर बारीक पुटकुळ्या असतात आणि कागदासारखी साल सुटते. नखाने खरवडलं की आत हिरवं दिसतं. पानावर देठापासून पंज्यासारख्या शिरा पसरलेल्या दिसतात. नागवेलीची पेरं फुगीर असतात आणि पान चुरगाळलं की तो ओळखीचा तिखट वास येतो. फिलोडेंड्रॉनच्या पानाला तसा वास नाही. पण चव घेऊन ओळखायला जाऊ नका. घरात तिन्ही वेली असतील तर कुंड्या वेगवेगळ्या जागी ठेवा आणि काढ्यासाठी पान खुडणाऱ्या आजी-आजोबांना एकदा जवळ नेऊन दाखवा.

म्हणजे ही वेल विषारी आहे?

खाल्ली तर त्रास देते. तिच्या पानांत आणि खोडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्च्या अळूने घसा खवखवतो, सुरण चिरताना हात खाजतात, ते याच स्फटिकांमुळे. अळूच्या फदफद्यात आपण चिंच घालतो ती याचसाठी. फिलोडेंड्रॉन मात्र शिजवूनही खायची वस्तू नाही.

लहान मुलाने पान चावलं तर तोंड आणि ओठ आग करतात, लाळ गळते, कधी जीभ सुजते. तोंडातले तुकडे काढा, पाण्याने तोंड स्वच्छ करा, प्यायला थंड पाणी किंवा दूध द्या. ओकारी काढायला लावू नका. सूज वाढत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर लगेच दवाखाना गाठा. मांजर आणि कुत्र्यालाही हाच त्रास होतो: लाळ, ओकाऱ्या, तोंडावर पंजे घासणं. मांजराला लोंबत्या वेलीशी खेळायचा मोह आवरत नाही, म्हणून मांजर असलेल्या घरात कुंडी खरोखर उंच टांगा. छाटणी केल्यावर हात धुवा. चीक लागून काहींच्या कातडीला खाज सुटते.

घरात कुठे ठेवायची?

भरपूर उजेड पण थेट ऊन नाही, अशी जागा हवी. दुपारी बाराच्या सुमाराला कुंडीच्या जागी हात धरा. हाताची पुसटशी पण ओळखता येणारी सावली पडली तर उजेड पुरेसा आहे. सावली अजिबातच पडत नसेल तर वेल जगेल, पण वाढणार नाही. पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेचं ऊन पानं भाजून काढतं. तिथे पडदा लावा किंवा कुंडी खिडकीपासून दूर सरकवा.

तापमान साधारण १८ ते ३० अंश तिला मानवतं. मुंबई-कोकणात आणि गोव्यात हवा इतकी दमट असते की काहीच करावं लागत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कोरडी झळ लागून पानांच्या कडा वाळतात, तेव्हा वेल घराच्या आतल्या भागात घ्या. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. त्या दिवसांत बाल्कनीतल्या कुंड्या रात्री आत घ्याव्यात. एसीचा झोत अंगावर येईल अशी जागा टाळा.

बाथरूममधल्या अंधाऱ्या कोपऱ्यासाठी ही वेल सुचवली जाते. खिडकी असेल तर जरूर ठेवा. खिडकी नसेल तर नको.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

दिवस मोजू नका, माती बघा. तर्जनी मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. बोटाला ओल लागली तर पाणी घालू नका. कोरडं लागलं तर खालच्या भोकांतून निथळेपर्यंत घाला आणि ताटलीत साठलेलं पाणी ओतून द्या. वरून रोज कपभर पाणी घालण्याची सवय या वेलीला सगळ्यात घातक आहे, कारण तशाने वरची माती कायम चिकचिकीत राहते आणि खाली काय चाललंय ते कळत नाही.

माती किती लवकर सुकते हे उजेडावर, हवेवर आणि कुंडीवर ठरतं. खिडकीजवळची कुंडी मे महिन्यात तीन-चार दिवसांत कोरडी होईल. तीच कुंडी जुलैमध्ये, हवेत ओल भरलेली असताना, दहा-बारा दिवस ओली राहू शकते. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, प्लॅस्टिकची सोडत नाही. म्हणून शेजारच्या काकूंचं ‘दर रविवारी’ तुमच्या घरात लागू पडेलच असं नाही. नियम एवढाच लक्षात ठेवा: उजेड कमी तर पाणी कमी. या वेली तहानेने क्वचित मरतात, बहुतेक अंधाऱ्या कोपऱ्यात ओल्या मातीत बसून मरतात.

तहान लागली की ती सांगते. पानं मलूल होऊन खाली झुकतात, कुंडी उचलली तर हलकी लागते. पाणी दिलं की काही तासांत उभारी येते.

कोणतं पाणी चालतं?

नळाचं चालतं. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर आणि कुंडीच्या कडेवर पांढरा थर जमतो, कालांतराने पानांची टोकं तपकिरी होतात. अशा वेळी पावसाळ्यात कुंडी दोन-तीन सरींखाली ठेवून क्षार धुऊन जाऊ द्या. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी कुंडीत घालू नका. त्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा.

पानं पिवळी पडताहेत. काय करू?

आधी बघा कोणती पानं आणि किती. सगळ्यात जुनं, कुंडीजवळचं एखादं पान अधूनमधून पिवळं पडून गळत असेल तर काळजी नको. त्याचं वय झालं.

एका वेळी चार-पाच पानं पिवळी, माती ओली आणि खोड बुडाशी मऊ लागत असेल तर मुळं सडताहेत. अशा वेळी वाट बघू नका. वेल कुंडीतून अलगद बाहेर काढा आणि मुळं धुवा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. सडलेलं मूळ तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वासही कुबट येतो. सडलेलं सगळं स्वच्छ कात्रीने कापा, जुनी माती फेकून द्या आणि नव्या, भुसभुशीत मिश्रणात थोड्या लहान कुंडीत लावा. मुळं जवळजवळ संपलेलीच असतील तर वरच्या निरोगी फांद्यांचे तुकडे करून नव्याने लावा. वेल वाचवण्याचा तो जास्त खात्रीचा मार्ग आहे.

माती कोरडी ठणठणीत आणि पानं पिवळी, कुरकुरीत असतील तर पाणी कमी पडतंय. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही, वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं. कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बसवा, मग निथळू द्या.

सगळीच पानं फिकट, नवी पानंही लहान आणि फिकी येत असतील, तर खताची किंवा उजेडाची कमतरता आहे. आधी उजेड सुधारा, खत मग.

सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब दिसतो. रोग आहे का?

नाही. रात्री मुळांनी ओढलेलं जादा पाणी पानाच्या टोकातून बाहेर पडतं. रोजच दिसत असेल तर पाणी थोडं कमी करा. थेंब बोटाला चिकट लागला तर मात्र पानामागे कीड आहे का बघा.

माती कशी करायची?

नर्सरीतून आणलेलं रोप पुष्कळदा लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतं. उघड्यावर, कडक उजेडात ते चालून जातं. घरात तो गोळा आठवडाभर ओला राहतो आणि वरून वाळल्यावर दगडासारखा होतो. आणल्यावर दोन आठवडे वेलीला घराची सवय होऊ द्या, मग गोळा पाण्यात भिजवून माती हळूहळू सोडवा.

मिश्रण सोपं आहे: दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे). पर्लाइट मिळालं नाही तर भाताचं तूस किंवा विटेचा बारीक चुरा घाला. लाकडी कोळशाचे मूठभर तुकडे टाकलेत तर उत्तम. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा पाणी बदलून पिळून घ्या, म्हणजे त्यातले क्षार निघून जातात. मूठभर ओलं मिश्रण दाबून सोडलं की ते लाडवासारखं घट्ट न राहता सुटलं पाहिजे.

कुंडीला भोक हवंच. कुंडी एकदम मोठी घेऊ नका, आधीपेक्षा दोन इंच मोठी पुरे. भोकातून मुळं बाहेर यायला लागली की बदलायची वेळ झाली. साधारण दीड-दोन वर्षांनी ती येते, आणि पावसाळ्याची सुरुवात हा त्यासाठी चांगला काळ.

खत कोणतं?

दीड-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळलं तरी ही वेल खूश असते. जोमदार वाढ हवी असेल तर पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत द्या. थंडीत बंद ठेवा. दूध-साखरेचा चहाचा चोथा, डाळ-तांदळाचं धुवण, ताक हे घरातल्या कुंडीत नको. त्याने वास येतो आणि चिलटं होतात.

वेल लांबच लांब वाढलीय, पण पानं छोटी आणि दोन पानांत मोठी मोकळी कांडी. का?

वेल उजेड शोधत धावतेय. दोन पेरांमधलं अंतर वाढलं की समजा उजेड कमी आहे. जागा बदलली तरी जुनी मोकळी कांडी भरून येत नाही, त्यामुळे छाटणी करावीच लागते. पेराच्या वर अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा. खालच्या पेरातून नवा फुटवा येईल. हात आखडू नका. ही वेल छाटणीने दाट होते, आणि कापलेले तुकडे त्याच कुंडीत लावले की बुडाशी पडलेलं टक्कल भरून निघतं.

पानं मोठी हवी असतील तर तिला खाली सोडण्याऐवजी वर चढवा. नर्सरीत मिळणारी मॉस स्टिक, म्हणजे काथ्या गुंडाळलेला पाइप, कुंडीत रोवा, वेलीची पेरं त्याला टेकतील अशी सैल बांधा आणि काथ्या ओला ठेवा. मुळांनी एकदा आधार पकडला की नवी पानं वाढत्या आकाराची येतात. लोंबत्या वेलीचं पान साधारण तळहाताएवढं राहतं, जंगलात झाडावर चढलेल्या वेलीचं हातभर होऊ शकतं. फूल मात्र घरातल्या कुंडीत क्वचितच येतं, त्याची वाट बघू नका.

एका वेलीपासून नवी रोपं कशी करायची?

ऊस लावताना दोन डोळ्यांची टिपरी घेतात, तसाच इथे दोन-तीन पेरांचा तुकडा घ्या. खालच्या पेराचं पान काढून टाका, ते पेर पाण्यात बुडेल असं काचेच्या बाटलीत ठेवा, आणि बाटली उजेडात पण उन्हापासून दूर. उबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. बोटभर लांब झाली की मातीत लावा. फार लांब वाढू दिलीत तर मातीत जाताना मोडतात.

सरळ मातीतही लावता येतं. पेर मातीत गाडलं गेलं पाहिजे आणि पहिले काही आठवडे माती दमट राहिली पाहिजे. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याला कधी मुळं फुटतील, महिनोन् महिने ते हिरवंही राहील, पण पेर नसेल तर त्यातून वेल होणार नाही.

कायम पाण्यातच ठेवली तर चालेल?

चालेल. वाढ सावकाश होईल, महिन्यातून एकदा चिमूटभर विरघळणारं खत द्यावं लागेल. पण पाणी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण बदला आणि बाटली आतून घासून धुवा. डेंग्यू पसरवणारे डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतात, आणि ती भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. नुसतं वरून पाणी भरत राहणं पुरेसं नाही. कुंडीखालच्या ताटल्यांनाही हेच लागू.

देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस जमलाय आणि कुंडीभोवती बारीक चिलटं फिरताहेत.

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. कानाच्या काडीवर स्पिरिट घेऊन एकेक पुसून काढा, पेरांवरची वाळकी सोलपटं काढून टाका, कारण तो त्यांच्याखालीच लपतो. मग लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब मिसळून, पानांच्या मागच्या बाजूला पोचेल असं संध्याकाळी फवारा. आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा करावं लागतं. पिल्लं मागाहून निघत राहतात, एका फवारणीत काम होत नाही. तेवढे दिवस कुंडी इतरांपासून दूर ठेवा.

पानं निस्तेज, बारीक ठिपक्यांची आणि मागे तलम जाळं असेल तर लाल कोळी. कोरड्या हवेत होतो. वेल नळाखाली धरून पानांची मागची बाजू धुवा, मग तीच फवारणी. चिलटं मात्र ओल्या मातीमुळे होतात. वरचा दोन इंच थर पूर्ण सुकू द्या आणि पिवळा चिकट सापळा लावा.

ही वेल खरंच घरातली हवा शुद्ध करते का?

१९८९ मध्ये नासाने केलेल्या अभ्यासावरून हे पसरलं. त्यात फिलोडेंड्रॉनही होती. पण तो प्रयोग लहान, हवाबंद कक्षात झाला होता. आपल्या घरात दारं-खिडक्या असतात, हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात असं दिसलं की खिडकी उघडून जेवढी हवा साफ होते तेवढी झाडांनी करायची तर दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडं लागतील. हवेसाठी खिडकी उघडा. वेल लावा ती हिरवी आहे, सोशिक आहे आणि तिचं एकेक नवं पान उलगडताना बघायला छान वाटतं म्हणून.

पंधरा दिवस गावाला जायचंय. वेलीचं काय?

निघायच्या दिवशी भरपूर पाणी द्या, निथळू द्या आणि कुंडी खिडकीपासून थोडी आत सरकवा. पंधरा दिवस ती सहज काढते. मे महिन्यात जात असाल तर तीन-चार कुंड्या एकत्र, बाथरूमच्या खिडकीखाली ठेवा. ताटलीत पाणी भरून जाऊ नका. शेजाऱ्यांकडे किल्ली देत असाल तर ‘माती कोरडी लागली तरच’ एवढं बजावून सांगा. प्रेमापोटी रोज घातलेल्या पाण्यापेक्षा थोडी तहान या वेलीला बरी.